ऋणग्रस्तता आणि अधिकारपदाची पात्रता : निजामी व इंग्रजी मुलखाच्या सरहद्दीवरून

बीड जिल्ह्यातील गेवराई तालुक्याच्या पश्चिम अंगास उमापूर हे गाव आहे. तेथून पश्चिमेकडे वळले की शेवगाव तालुक्याची हद्द लागते. आज ही केवळ बीड आणि अहिल्यानगर या दोन जिल्ह्यांमधील सीमा आहे. परंतु एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धापासून इ. स. १९४८ च्या सप्टेंबरपर्यंत ती दोन राज्यांमधील सीमा होती. अलीकडे निजामाचे तालुकेदार, पलीकडे मुंबई सरकारचे मामलेदार व कलेक्टर. दोन्हीकडची माणसे एकच मराठी बोलत, एकाच बाजाराला जात, आणि बहुधा एकाच प्रकारच्या सावकाराकडून कर्ज काढीत. असे असूनही ‘कर्जबाजारी मनुष्यास सरकारी अधिकार द्यावा काय’ या प्रश्नाचे उत्तर या सीमेच्या दोन बाजूंस बराच काळ निरनिराळे होते. हा भेद कसा उत्पन्न झाला, तो कसा मावळला आणि त्याचे अवशेष आजच्या नियमांच्या भाषेत कोठे दिसतात, याचा विचार येथे कर्तव्य आहे.

या प्रश्नाचे मूळ पुष्कळ जुने आहे. कौटिल्याने अमात्यांच्या शुद्धतेची परीक्षा घेण्यासाठी धर्म, अर्थ, काम आणि भय अशा चार ‘उपधा’ सांगितल्या आहेत. त्यांपैकी अर्थोपधेत जो शुद्ध ठरेल त्याला समाहर्ता व सन्निधाता यांच्या खात्यांत, म्हणजे वसुलाच्या आणि खजिन्याच्या कामावर नेमावे असे त्याचे मत आहे. ही योजना सर्वांच्या परिचयाची आहे. तिच्या मानाने कमी चर्चिले गेलेले प्रकरण म्हणजे त्याच अधिकरणातील चौदावा अध्याय. शत्रूच्या राज्यातील कोणती माणसे फोडता येतील, याची यादी तेथे क्रुद्ध, भीत, लुब्ध आणि मानी अशा चार वर्गांत दिली आहे. यांपैकी ‘लुब्ध’ वर्गात कोण येतात हे पाहण्यासारखे आहे. परिक्षीण, म्हणजे ज्याची संपत्ती ओसरली आहे असा, ज्याचे धन दुसऱ्याने नेले आहे असा, कदर्य, म्हणजे कृपण, व्यसनी, आणि ‘अत्याहितव्यवहार’, म्हणजे ज्याने आपल्या ऐपतीबाहेरचे व्यवहार अंगावर घेतले आहेत असा. रा. प. कंगले यांनी मुंबई विद्यापीठासाठी सिद्ध केलेल्या चिकित्सक आवृत्तीमुळे हा पाठ आता अभ्यासकांस सहज उपलब्ध आहे.

या यादीतील एक विशेष ध्यानात घेतला पाहिजे. दैवाने नागवला गेलेला मनुष्य आणि जुगाराने नागवला गेलेला मनुष्य हे दोघे येथे एकाच वर्गात बसविले आहेत. कौटिल्य त्यांच्या दोषाचा निवाडा करीत नाही. तो त्यांच्या दुबळेपणाचे मोजमाप करतो. हेराला लक्ष्य म्हणून दोघेही सारखेच उपयोगी. राज्याच्या सुरक्षिततेच्या दृष्टीने ऋणाकडे पाहण्याची ही भूमिका निर्दय असली तरी स्पष्ट आहे. पुढील दोन हजार वर्षांत ‘दोष’ आणि ‘धोका’ या दोन कल्पनांची सरमिसळ पुन्हा पुन्हा झाली, आणि नियम करणाऱ्यांचा बहुतेक गोंधळ या सरमिसळीतूनच उत्पन्न झालेला आहे.

मराठ्यांच्या राज्यात विश्वासाची परीक्षा चौकशीने न होता जामिनाने होई. शिवाजी महाराजांच्या सैन्यात नवा मनुष्य भरती करताना आधीपासून चाकरीत असलेल्या एखाद्याने त्याच्या वर्तनाबद्दल जामीन राहावे लागे, असे ग्रँट डफने इ. स. १८२६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या इतिहासात नमूद केले आहे. पुढे कागदोपत्री जामिनाचे निरनिराळे प्रकार आढळतात. ‘हाजिरजामीन’ हा मनुष्य हजर करण्याची हमी घेई, ‘मालजामीन’ पैशाची हमी घेई आणि ‘फेलजामीन’ वर्तनाची. अरबीतील ‘फेल’ म्हणजे कृती. आजच्या भाषेत ज्याला चारित्र्य-पडताळणी म्हणतात ते काम हा फेलजामीन करीत असे. फरक इतकाच की तो दाखला देऊन मोकळा होत नसे, तर पुढे काही घडल्यास स्वतः जबाबदार धरला जाई. मराठीत ‘जामीन’ हा शब्द मूळ अर्थाने मनुष्यवाचक आहे. ‘तो जामीन राहिला’ असे आपण म्हणतो. ‘जामीन मिळाला’ हा आजचा न्यायालयीन प्रयोग त्यामानाने नवा असून त्यात मनुष्य नाहीसा होऊन केवळ रक्कम उरली आहे.

पेशवाईत याला आणखी एक अंग जोडले गेले. कमाविसदाराने नेमणुकीच्या वेळी वसुलापैकी काही रक्कम सरकारात आगाऊ भरावयाची. तिला ‘रसद’ म्हणत. ही रक्कम म्हणजे वस्तुतः अधिकाऱ्याने सरकारला दिलेले कर्जच होते. तिच्यावर सरकारातून व्याज मिळे आणि ती पुढील वसुलातून फिटे. कमाविसदार ही रक्कम बहुधा स्वतःच्या पेटीतून काढीत नसे, सावकाराकडून काढी. म्हणजे ज्याला सावकार उभा करतो तोच नेमणुकीस पात्र. ज्याची पत नाही त्याला अधिकार नाही, हे खरे. पण ज्याला कर्ज नाही त्यालाही अधिकार मिळणे कठीण, हेही तितकेच खरे होते. दुसऱ्या बाजीरावाच्या काळात मामलती मक्त्याने देण्याची पद्धत बोकाळली आणि ही व्यवस्था पूर्णपणे विकृत झाली. एल्फिन्स्टनने आपल्या इ. स. १८१९ च्या अहवालात तिचे परिणाम नमूद करून ठेवले आहेत.

या संदर्भात ‘पत’ या शब्दाचे अर्थक्षेत्र पाहणे उपयुक्त ठरेल. तो संस्कृत ‘प्रत्यय’ या शब्दाशी जोडला जातो. म्हणजे मूळ अर्थ विश्वास. ‘साख’ हा शब्द साक्षीशी संबद्ध आहे. दोन्ही शब्दांत पैसा कोठेच नाही. समाजाने एखाद्यावर ठेवलेला विश्वास, हाच त्यांचा गाभा. उलट ‘दिवाळे’ या शब्दाची परंपरेने सांगितली जाणारी व्युत्पत्ती दिव्याशी निगडित आहे : ज्याचे खाते बुडाले त्या व्यापाऱ्याने दुकानात दिवा लावून ठेवावा आणि निघून जावे, अशी चाल सांगतात. व्युत्पत्ती कितपत निर्विवाद आहे हा प्रश्न वेगळा. तथापि भाषेने ऋण बुडणे ही सार्वजनिक घटना मानली होती, हे तिच्यावरून कळते.

सरकारचा प्रमुखच ऋणको असला म्हणजे काय होते, याचे मराठी इतिहासातील ठळक उदाहरण पहिल्या बाजीरावाचे आहे. धावडशीचे ब्रह्मेंद्रस्वामी हे त्याचे गुरू आणि त्याचबरोबर धनको. द. ब. पारसनीस यांनी प्रसिद्ध केलेल्या पत्रव्यवहारात या नात्याचे दोन्ही रंग दिसतात. इ. स. १७२७ मध्ये परशुरामक्षेत्राची सिद्दीकडून लूट झाल्यानंतर स्वामींनी जंजिऱ्याविरुद्ध मोहिमेचा आग्रह सातत्याने धरला आणि इ. स. १७३३ मध्ये ती मोहीम निघाली. ती केवळ धनकोच्या तगाद्याने निघाली असे म्हणणे अन्यायाचे होईल. कोकणच्या राजकारणाला स्वतःचीही कारणे होती आणि गुरूच्या शब्दाला कर्जाविनाही वजन होते. पण आज्ञा, आशीर्वाद आणि तगादा एकाच मुखातून येऊ लागले म्हणजे राज्यकर्त्याला त्यांतील सीमा दाखविता येत नाहीत. ऋणग्रस्त अधिकाऱ्याविषयीचा खरा आक्षेप हाच आहे. तो लबाडी करील असे नव्हे. त्याने प्रामाणिकपणे निर्णय केला तरी तो तसा केला हे सिद्ध करता येत नाही.

आता उमापूर ज्या राज्यात होते तिकडे वळू. निजामाच्या राज्यात एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात ही अवस्था अपवाद नव्हती, तीच राज्यपद्धती होती. राजा चंदुलाल यांच्या दीर्घ कारभारात दरबाराचा खर्च कर्जावर चाले. विल्यम पामर आणि कंपनी या हैदराबादच्या पेढीने दरबाराला भारी व्याजाने रकमा पुरविल्या. औरंगाबादेकडील फौजेच्या पगाराचा भरणाही तिच्या कर्जातून होत असे. देशी संस्थानिकांस इंग्रज प्रजाजनांनी परवानगीवाचून कर्ज देण्यास इ. स. १७९७ च्या पार्लमेंटच्या कायद्याने मनाई होती, पण इ. स. १८१६ मध्ये गव्हर्नर जनरल लॉर्ड हेस्टिंग्ज यांनी या पेढीस सूट दिली. इ. स. १८२० मध्ये रेसिडेंट म्हणून आलेल्या चार्ल्स मेटकाफ यांनी या व्यवहाराचा पिच्छा पुरविला, आणि रेसिडेन्सीतील माणसांचे हितसंबंध पेढीशी कसे गुंतले आहेत हा प्रश्न त्यामुळे ऐरणीवर आला. शेवटी इ. स. १८२३ मध्ये उत्तर सरकारांच्या पेशकशीवरील हक्क १,१६,६६,६६६ रुपयांस कंपनी सरकारला सोडून देऊन निजामाने हे देणे वारले. पुढील वर्षी पेढी बुडाली.

दरबार कर्जात बुडाला म्हणजे तालुके गहाण पडतात. अरब जमादार, रोहिले आणि सावकार यांच्याकडे त्यांच्या रकमांपोटी मुलूख लावून दिलेला असे. वसूल तेच करीत. इतर ठिकाणी तालुकेदार नेमला जाई तो नजराणा व आगाऊ रक्कम घेऊन. त्याचा मोबदला वसुलावर, रुपयामागे दोन आणे. दुसऱ्या कोणी अधिक नजराणा देऊ केला की पहिल्याची उचलबांगडी होई, आणि ती केव्हा होईल हे ठाऊक नसल्यामुळे हाती असलेल्या दिवसांत रयतेकडून जितके निघेल तितके काढणे एवढाच शहाणपणाचा मार्ग त्याला उरे. अरब जमादारांचे सामर्थ्य तर इतके वाढले होते की ते इतरांच्या कर्जास हमी राहत आणि ऋणकोस स्वतःच्याच घरी कोंडून ठेवीत. हमी घेणारा, कर्ज देणारा, वसूल करणारा आणि तुरुंगाधिकारी हे सर्व एकच.

या व्यवस्थेत ‘पूर्वीचे कर्ज अधिकारपदाच्या आड येते काय’ हा प्रश्न विचारणेच असंबद्ध ठरले असते. कर्ज हेच अधिकारपदाचे प्रवेशद्वार होते. इ. स. १८५३ च्या तहाने वऱ्हाड, रायचूर दुआब व धाराशिव-नळदुर्ग हे मुलूख फौजेच्या थकलेल्या खर्चापोटी इंग्रजांच्या हाती गेले, आणि त्याच वर्षी चोवीस वर्षांचे सालारजंग दिवाण झाले. गहाण तालुके सोडविणे, मक्तेदार तालुकेदारांच्या जागी पगारी अधिकारी नेमणे आणि इ. स. १८६५ ची जिल्हाबंदी, हे त्यांच्या सुधारणांचे टप्पे परिचित आहेत. भाषेच्या अभ्यासकाला यातील एक गोष्ट विशेष लक्षणीय वाटेल. सालारजंगांनी माणूस बदलला, काम बदलले, मोबदल्याची रीत बदलली. शब्द मात्र ठेवला. मक्तेदार तोही तालुकेदार आणि पगारी जिल्हाधिकारी तोही ‘अव्वल तालुकदार’. हैदराबादच्या राज्यात हा शब्द कलेक्टर या अर्थाने शेवटपर्यंत राहिला. ज्या शब्दाचा अर्थ एका पिढीपूर्वी ‘ज्याने सरकारला कर्ज दिले तो’ असा होता, त्याचाच अर्थ ‘ज्याने कोणाचेही मिंधे असू नये तो’ असा झाला. राज्यकारभाराच्या परिभाषेत इतका संपूर्ण अर्थविपर्यास क्वचितच आढळतो.

पगार हे या विपर्यासाचे कारण आहे. अधिकाऱ्याला सरकार नियमित वेतन देऊ लागले तेव्हाच त्याच्या खासगी कर्जाविषयी प्रश्न विचारण्याचा नैतिक अधिकार सरकारला प्राप्त झाला.

सीमेच्या पलीकडे हा अधिकार आधीच सांगितला जात होता. सरकारी पैसा हाताळणाऱ्याने तारण दिले पाहिजे असे इ. स. १८५० च्या बाराव्या कायद्याने ठरविले. रसदेचे हे उलटे रूप होय, कारण तारणाची रक्कम सरकारला खर्चावयाची नसून केवळ धाक म्हणून ठेवावयाची असते. वतनदार पाटील-कुलकर्ण्यांच्या बाबतीत इंग्रजांनी आणखी वेगळी वाट धरली. इ. स. १८२७ च्या सोळाव्या रेग्युलेशनने आणि पुढे इ. स. १८७४ च्या वतन कायद्याने वतन परक्याच्या हाती कायमचे जाऊ नये अशी तजवीज केली. कर्जबाजारी पाटलाला दूर करण्याऐवजी पाटिलकीच कर्जाच्या आवाक्याबाहेर नेली. इ. स. १८७५ मध्ये पुणे व नगर जिल्ह्यांत सावकारांविरुद्ध दंगे झाले, तेव्हा या संरक्षणाची मर्यादाही उघड झाली. जमीन सावकाराच्या खात्यावर चढली की गावातील अधिकाराला फारसा अर्थ राहत नाही.

मुलकी सेवेतील अधिकाऱ्यांस आपल्या हुकमतीखालील लोकांकडून कर्ज घेण्याची मनाई होती. या मनाईचा कस ज्या प्रकरणात लागला ते मराठी वाचकांस क्रॉफर्ड प्रकरण म्हणून माहीत आहे. त्याची चर्चा बहुधा लाचलुचपत आणि टिळकांचे सार्वजनिक जीवन या दोन अंगांनी होते. ऋणाच्या अंगाने ती फारशी झालेली नाही, आणि वस्तुतः हे प्रकरण प्रथमपासून अखेरपर्यंत ऋणाचेच आहे.

आर्थर ट्रॅव्हर्स क्रॉफर्ड हे इ. स. १८६५ मध्ये मुंबईचे पहिले म्युनिसिपल कमिशनर झाले. ज्या मंडईला आज महात्मा जोतिबा फुले यांचे नाव आहे ती मंडई पूर्वी त्यांच्या नावाने ओळखली जाई. कर्तबगारी निःसंशय, पण पैशाच्या बाबतीत हात सैल. नगरपालिकेच्या बेसुमार खर्चावरून गहजब होऊन इ. स. १८७१ च्या सुमारास त्यांना ते पद सोडावे लागले. सार्वजनिक पैशाच्या बाबतीत जी सवय होती तीच खासगी जीवनातही होती, आणि त्यांच्या देण्यांची वाच्यता पुष्कळ वर्षे चालली होती. असे असता त्यांची बढती होत गेली आणि ते मध्य भागाचे कमिशनर झाले. पुणे, सातारा, सोलापूर, नगर, नाशिक आणि खानदेश येथील महसुली कारभार, मामलेदारांच्या बदल्या व बढत्या हे सर्व त्यांच्या शिफारशीवर अवलंबून राहिले. म्हणजे शेवगावच्या मामलेदाराचे भवितव्यही पुण्याच्या बंगल्यात ठरे.

हनुमंतराव जहागीरदार या मध्यस्थामार्फत मामलेदारांकडून बदली-बढतीसाठी पैसे घेतले जात असल्याचे आरोप इ. स. १८८८ मध्ये पुढे आले. गव्हर्नर लॉर्ड रे यांच्या सरकारने क्रॉफर्ड यांना निलंबित केले. ते वेष पालटून पुण्याहून निसटले आणि मुंबईस सापडले. कलकत्ता उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती विल्सन यांच्या अध्यक्षतेखाली आयोग बसला. आयोगाने लाचेचे आरोप सिद्ध मानले नाहीत. सिद्ध झाले ते एवढेच की त्यांनी आपल्या हुकमतीखालील लोकांकडून नियमाविरुद्ध कर्जे काढली होती. आणि या एका मुद्द्यावर इ. स. १८८९ मध्ये त्यांची नोकरी गेली. हनुमंतरावांस मात्र न्यायालयाने दोषी ठरविले. मामलेदारांची स्थिती सर्वांत चमत्कारिक झाली. सरकारने अभय दिले म्हणून त्यांनी पैसे दिल्याचे कबूल केले होते. आता त्याच कबुलीवरून त्यांना नालायक ठरवावे अशी ओरड इंग्लंडात सुरू झाली. दिलेले वचन पाळले पाहिजे यासाठी टिळकांनी पुण्यात चळवळ केली, आणि त्यांच्या संरक्षणार्थ त्याच वर्षी कायदाही झाला. तरी काहींच्या नोकऱ्या गेल्याच.

लाच आणि कर्ज यांतील भेद आयोगाने केला तो कायद्याच्या दृष्टीने योग्य होता. परंतु हुकमतीखालच्या मनुष्याने वरिष्ठाला दिलेले कर्ज परत मागता येत नाही, हे देणारा जाणतो आणि घेणाराही जाणतो. परत न मागता येणाऱ्या कर्जाला मराठीत दुसरा शब्द आहे. कर्जाची नोंद होती म्हणून मनुष्य अपात्र ठरला, आणि नोंद नसलेली देवघेव पुराव्याअभावी सुटली. लॉर्ड रे यांच्या सरकारवर दोष ठेवावयाचाच तर तो चौकशीचा नव्हे, विलंबाचा ठेवावा लागेल. आणि त्यातील मोठा वाटा त्यांच्या आधीच्या सरकारांच्या माथी जातो. ज्याचे देणे सर्वांस ठाऊक होते त्याच्या हाती सहा जिल्ह्यांच्या नेमणुका का दिल्या, हा प्रश्न आयोगापुढे नव्हताच.

स्वातंत्र्योत्तर नियमांत हा धडा शब्दबद्ध झालेला दिसतो. केंद्रीय नागरी सेवा (वर्तणूक) नियम, १९६४ यांतील सोळावा नियम ज्याच्याशी सरकारी कामाचा संबंध येतो अशा व्यक्तीकडून कर्ज घेण्यास मनाई करतो. सतरावा नियम अधिक व्यापक आहे. सरकारी नोकराने आपले खासगी व्यवहार असे चालवावेत की नित्याचा कर्जबाजारीपणा किंवा नादारी टळेल. आणि कर्जवसुलीसाठी किंवा नादार ठरविण्यासाठी आपल्यावर न्यायालयीन कारवाई सुरू झाल्यास त्याने ती सरकारास तत्काळ कळवावी. महाराष्ट्राच्या १९७९ च्या वर्तणूक नियमांतही याच आशयाची तरतूद आहे. केंद्रीय नियमाखालील टीप विशेष महत्त्वाची आहे. कर्जबाजारीपणा सामान्य दक्षतेने टाळता न येणाऱ्या परिस्थितीमुळे आला, उधळपट्टी वा दुर्व्यसन यांमुळे नव्हे, हे सिद्ध करण्याचा भार तिने सरकारी नोकरावरच टाकला आहे. याहून जुन्या, इ. स. १९२० च्या प्रांतिक नादारी कायद्यात हाच विचार दुसऱ्या रूपाने येतो. नादार ठरलेल्या मनुष्यास मॅजिस्ट्रेट होता येत नाही, स्थानिक संस्थेच्या निवडणुकीच्या पदावर येता येत नाही. पण नादारी गैरवर्तनावाचून केवळ दुर्दैवाने ओढवली असा दाखला न्यायालयाने दिल्यास अपात्रता दूर होते. राज्यघटनेने मुक्त न झालेल्या नादारास संसद व विधिमंडळ यांच्या सदस्यत्वास अपात्र ठरविले आहे, आणि लोकसेवा आयोगाचा सदस्य नादार ठरल्यास राष्ट्रपती त्याला दूर करू शकतात.

कौटिल्याने जे दोघे एका वर्गात बसविले त्यांना विसाव्या शतकातील कायद्याने वेगळे केले, हे या तरतुदींवरून स्पष्ट होते. मात्र वेगळे होण्याचे श्रम त्याने दुर्दैवी मनुष्याच्या शिरावर ठेवले. अमेरिकेत गोपनीय कागद हाताळण्यासाठी जी सुरक्षा-पात्रता लागते तिच्या ८ जून २०१७ पासून अमलात असलेल्या निकषांत ‘आर्थिक बाबी’ हा स्वतंत्र निकष आहे. तेथेही नोकरी जाणे, आजारपण, घटस्फोट, जोडीदाराचा मृत्यू अशी आवाक्याबाहेरची कारणे आणि देणे फेडण्याचा प्रामाणिक प्रयत्न या गोष्टी उमेदवाराच्या बाजूने धरल्या जातात. या निकषामागे केवळ सिद्धांत नाही. तेथील गुप्तचर खात्यातील ऑल्ड्रिच एम्स हा अधिकारी इ. स. १९८५ मध्ये कर्जाच्या ओझ्याखाली सोव्हिएत संघास माहिती विकू लागला आणि इ. स. १९९४ मध्ये पकडला गेला. चौदाव्या अध्यायातील ‘अत्याहितव्यवहार’ हा शब्द त्याला जसाच्या तसा लागू पडतो.

येथे मराठी शब्दांकडे पुन्हा वळावे लागते. ‘नादार’ हा फारसी शब्द. ज्याच्यापाशी काही नाही तो. मराठी न्यायभाषेत तो दिवाळखोर या अर्थाने रूढ झाला. पण त्याच काळात शाळांतून गरीब विद्यार्थ्याला मिळणाऱ्या फीमाफीसही ‘नादारी’ म्हणत. एकाच शब्दाने एका दारात अपात्रता आणि दुसऱ्या दारात पात्रता सांगितली. नादारीवर शिकलेला मुलगा पुढे नादारीच्या आरोपावरून नोकरीस मुकावा, हा भाषेचा विनोद नसून समाजस्थितीचे चित्र आहे.

‘कर्जदार’, ‘थकबाकीदार’ आणि ‘नादार’ या तीन शब्दांतील अंतरही असेच बोलके आहे. पहिल्याला कायदा दोष देत नाही. तिसऱ्यास न्यायालयाचा हुकूम लागतो, आणि खेड्यातील मनुष्य असा हुकूम मिळविण्यास सहसा जात नाही. म्हणून उमापुरासारख्या गावात प्रत्यक्ष चालतो तो मधला शब्द. मराठवाडा इ. स. १९५६ मध्ये मुंबई राज्यात आणि १९६० मध्ये महाराष्ट्रात आल्यानंतर सरहद्दीच्या दोन्ही अंगांना एकच कायदा लागू झाला. ग्रामपंचायतीचा कर मागणीनंतर तीन महिन्यांत न भरणारा मनुष्य १९५८ च्या अधिनियमान्वये पंचायतीच्या सदस्यत्वास अपात्र ठरतो. सहकारी संस्थेचा थकबाकीदार १९६० च्या अधिनियमान्वये तिच्या समितीवर राहू शकत नाही. वंशपरंपरेची पाटिलकी संपल्यावर १९६७ च्या ग्राम पोलीस अधिनियमाखाली जो पोलीस पाटील नेमला जातो, त्याच्या बाबतीत चारित्र्य आणि पूर्ववृत्त पाहिले जाते. फेलजामिनाची जागा अशा रीतीने तहसील कचेरीतील चौकशीने घेतली.

परंतु बीड जिल्ह्यात कर्जाचे स्वरूप नियमकर्त्यांच्या डोळ्यांसमोर असलेल्या कर्जाहून भिन्न आहे. साखर कारखान्यांकडे ऊसतोडीस जाणारी जोडपी हंगामापूर्वी मुकादमाकडून ‘उचल’ घेतात. नवरा-बायको मिळून एक ‘कोयता’ मोजला जातो आणि उचल त्या कोयत्यावर लिहिली जाते. हंगाम संपून उचल फिटली नाही तर ती पुढील वर्षाच्या अंगावर चढते. रसद आणि उचल या दोन्ही आगाऊ रकमाच. पण रसद देणाऱ्याला अधिकार मिळे, आणि उचल घेणाऱ्याचे हातपाय बांधले जातात. अशा घरातील मुलाने सरकारी परीक्षा उत्तीर्ण होऊन नोकरी मिळविली आणि बापाची उचल, बहिणीचे लग्न, विहिरीचे कर्ज स्वतःच्या नावावर घेतले, तर त्याचा कर्जबाजारीपणा ‘नित्याचा’ म्हणावा काय? ‘सामान्य दक्षता’ म्हणजे त्याने कोणते लग्न टाळावयास हवे होते? सतराव्या नियमाखालील टीपेत उधळपट्टी व दुर्व्यसन यांचा उल्लेख आहे, कुटुंबधर्माचा नाही. नियम अन्यायाचा आहे असे यावरून सिद्ध होत नाही, कारण आवाक्याबाहेरची परिस्थिती हे शब्द पुरेसे विस्तृत आहेत. पण ते कसे वाचावयाचे हे वाचणाऱ्या अधिकाऱ्यावर अवलंबून राहते, आणि तो अधिकारी पुण्या-मुंबईचा असला तर उचल म्हणजे काय हे त्याला समजावून सांगावे लागते.

कायद्याने एक किमान संरक्षण दिले आहे, हेही सांगितले पाहिजे. दिवाणी व्यवहार संहितेच्या साठाव्या कलमान्वये सामान्य हुकूमनाम्याच्या वसुलीसाठी पगारातील पहिले एक हजार रुपये आणि उरलेल्या रकमेचा दोन-तृतीयांश भाग जप्त करता येत नाही. आणि एकूण चोवीस महिने जप्ती चालल्यावर पुढील बारा महिने ती थांबते. अधिकारी उपाशी राहिला तर तो हात पसरील, ही भीती या तरतुदीमागे आहे.

अलीकडच्या काळात प्रश्नाने नवे रूप घेतले आहे. पतमापन संस्थांच्या नोंदींमुळे मनुष्याचे जुने हप्ते, चुकलेल्या तारखा आणि फेडलेली देणी एका आकड्यात साठविली जातात. जून २०२५ मध्ये मद्रास उच्च न्यायालयाने, कर्जफेडीचा पूर्वेतिहास समाधानकारक नसल्याच्या कारणावरून स्टेट बँकेने रद्द केलेली एका उमेदवाराची नेमणूक पुन्हा देण्यास नकार दिला. जाहिरातीच्या वेळी आपल्याकडे काहीही बाकी नव्हती, असे उमेदवाराचे म्हणणे होते; आधीच्या काळात हप्ते चुकले होते, असे बँकेचे. सार्वजनिक पैसा हाताळणाऱ्याच्या आर्थिक शिस्तीविषयी बँकेने आग्रह धरणे गैर नाही, असा न्यायालयाचा अभिप्राय पडला. देणे फिटले तरी देणे फेडताना झालेला उशीर फिटत नाही, ही कल्पना जुन्या मराठी व्यवहारात नव्हती. तेथे रक्कम पावती झाली की खत फाडून टाकीत.